पांढरं कशाला म्हणायचं

पायसांदूत, नदीपासून दोन गल्ल्या आत
बेन्तांकूर बंधूंचं लोकरीचं गोदाम.
साठ मीटर लांब, बावीस रुंद,
कैच्या सात मीटरवर.
चौकटींच्या कागदावर मी आधी खांब काढले,
मग गाठी रचायची जागा, मग दाबयंत्र,
आणि शेवटी दिवे, छोटे छोटे गोल,
पेन्सिलीने,
कारण खोडावे लागणार हे ठाऊक होतं.

वाटांवर दीडशे लक्स पुरतात.
दाबयंत्रापाशी तीनशे.
कात्र्यांना धार लावायच्या चाकापाशी
अजिबात न लुकलुकणारा एलईडी,
ही अट मी लाल शाईने लिहिली.
जुन्या ट्यूबलाइटखाली ते चाक
फिरता फिरता थांबल्यासारखं दिसायचं.
रुफिनोने एकदा त्या दिसण्यावर विश्वास ठेवला.
तेव्हापासून तो बोटं नऊपर्यंतच मोजतो
आणि हसतो,
आपणही हसावं म्हणून.

राहिलं प्रतवारीचं टेबल.
तिथे एतेल्विना.
एकतीस वर्षं ती छपराच्या दक्षिण उतारावरल्या
फायबरच्या एका पत्र्याखाली उभी आहे.
या देशात सूर्य उत्तरेकडून चालतो,
म्हणून दक्षिणेचा उजेड थंड, सरळमार्गी,
कुणाची बाजू न घेणारा.

किती उजेड हवा, मी विचारलं.
किती नाही रे, ती म्हणाली, कसला ते विचार.
आणि कॉरिडेल लोकरीचे पुंजके मांडले माझ्यापुढे :
चुन्याचा पांढरा, ताकाचा, सायीचा,
हाडाचा, जुन्या दाताचा,
भिजून वाऱ्यावर वाळलेल्या मेंढीचा.
माझ्या लेखी सगळे पांढरेच.
मी वहीत लिहिलं : टेबल, हजार लक्स,
पाच हजार केल्विन,
रंग खरे दाखवण्यात शंभरात पंचाण्णव.

त्या संध्याकाळी नमुन्याचा एक दिवा
दोरीने टांगला टेबलावर.
वर पत्रा काळा पडला होता.
एतेल्विनाने लाकडी पेटी आणली.
दरवर्षीच्या अव्वल प्रतीची एकेक बट,
दोऱ्याने बांधलेली, चिठ्ठी लावलेली.
बघू तुझा दिवा खरं बोलतो का,
म्हणत तिने एकतीस बटा ओळीने ठेवल्या.

पहिली चुन्यासारखी.
दहावीपर्यंत ठीक.
मग ओळ हळूच कलली,
ताकाकडून सायीकडे,
आणि शेवटच्या चार तर
चक्क जुन्या दाताच्या.

मेंढ्या त्याच होत्या, कुरणंही तीच.
मी वर पाहिलं, तिनेही पाहिलं.
उन्हातान्हात पत्रा पिवळा पडत गेला होता
इतका सावकाश, की कुणाच्या लक्षात येऊ नये,
आणि तिचं पांढरं
त्याचं बोट धरून सरकत गेलं होतं.

व्यापाऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती.
आपल्या उजेडात पाहून
आधीच भाव कापत असतील.

ती बराच वेळ बोलली नाही.
दिव्याभोवती एक पतंग टकटक करत होता.
मग म्हणाली, एकतीस वर्षांत
मी काय दिवे लावले
ते आज दिसलं.

मला काहीच सुचेना.
शिडी घडी करताना नको तितका आवाज झाला.

सकाळी सात वाजता मी पोचलो
तेव्हा वरच्या तीन गाठी उसवलेल्या.
ती नव्या दिव्याखाली, बाह्या सारून,
पहिल्या वर्षाची बट
एप्रनला टाचणीने लावलेली.
दोन दिवे दे, म्हणाली,
आणि बटण माझ्या हाताला येईल असं.
मी तिची उंची मोजली,
भिंतीवर खूण केली : एक मीटर पाच.

आणि पत्रा? नवा घालू?
ती येर्बा मातेचा तुंबा भरत होती.
तो असू दे, म्हणाली.
दुपारी आम्ही त्याच्याखाली बसतो.
त्या उजेडात रुफिनो जरा बरा दिसतो.

नकाशात सतराव्या पत्र्यापाशी
मी एक गोल काढला होता.
तो खोडला.
लिहिलं : तसाच.