अथर

निझवाच्या शाळेत सातवीला
काळाचं मापन शिकवत होते.
फळ्यावर सेकंद, मिलिसेकंद, शून्यं.
मागच्या बाकावरून जुलंदा म्हणाला,
आमच्यात अर्ध्या तासाला अथर म्हणतात,
आजोबा सावलीवर मोजतात.
म्हटलं, पेपरात नको लिहूस ते.

लिहिलंच त्यानं.
मी गुण कापला.

गुरुवारी त्याच्याबरोबर फलजच्या पाटावर गेले.
खलफान म्हातारा काठीजवळ उकिडवा,
समोर वाळूत दगडांची ओळ.
चौथ्या दगडाला सावली टेकली
तसा त्यानं चिखलाचा बांध पायानंच सारला
आणि पाणी हमूदच्या खजुरींतून
एका विधवेच्या लिंबांकडे वळलं.
कुणी हूं की चूं केलं नाही.
'रात्री कसं?' मी विचारलं.
त्यानं नुसतं वर पाहिलं.

मावशीच्या लग्नात
पाण्याच्या घंगाळात भोकाची वाटी तरंगत ठेवलेली.
ती बुडाली आणि भटजी ओरडले, घटका भरली!
आम्ही पोरं हसलो होतो.
घटका केवढी, विचारलं नाही,
पुढे कुठल्या धड्यातही आलं नाही.

म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं.
जुलंदानं सांगितलं, ते म्हणतायत,
आता पाळी कुणाची
बघा की तुमच्या घड्याळात.

बघितलं.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती.