चारशेक वेढे

पहिला नियम: एक हात खिशात.
साडेतीनशे व्होल्ट दोन्ही हातांनी धरले
तर वाट काळजातून जाते.
आणि बटण बंद केलं म्हणून वीज जात नाही,
कपॅसिटरमध्ये बसून राहते,
भांडण मिटल्यावरही
आतल्या खोलीतून बाहेर न येणाऱ्या माणसासारखी.

बिबवेवाडीत, बंद करून घेतलेल्या गॅलरीत
मी गिटारचे अँप्लिफायर बांधतो. रात्री.
दिवसा भोसरीत मायक्रोमीटर घेऊन
दुसऱ्यांच्या चुका पकडतो,
दोन शतांश मिलिमीटरसाठी
अख्खा लॉट परत पाठवतो.

व्हॉल्व्ह जुन्या बाजारातले,
मेलेल्या रेडिओंच्या पोटातून काढून
पोत्यावर मांडलेले. काचेवरचा नंबर
बोटाने पुसला जातो, म्हणून विकणारा म्हणतो,
हात नका लावू साहेब, नुसतं बघा.

ट्रान्सफॉर्मर मात्र विमल घोणे गुंडाळतात.
धनकवडीत, शटर अर्धं ओढून,
एका हाताने चाक, दुसऱ्या हातात केसाइतकी तार,
ओठांवर आकडे.
तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

यंदा तीन बांधले. एकाच नकाशाचे,
एकाच पत्र्यातून कापलेले, त्याच डाखाचे.
रविवारी कॅम्पातून ऑस्विन आला,
चहा नंतर, म्हणाला.
तिन्हींवर चादर टाकली, नुसत्या वायरी बाहेर.

पहिला कैरीची फोड,
दातांना लागणारा, मीठ मागणारा.
दुसरा सभ्य. बँकेत ओळखीची सही देईल असा.
तिसऱ्यावर त्याने जाड तार छेडली
आणि कढईच्या तळाची खरवड
उलथन्याने निघावी तसा आवाज आला,
करपलेला नाही,
करपण्याच्या अलीकडे थांबलेला.
जोर दिला की फाटायचा,
उसवायचा नाही.
ऑस्विन पाऊण तास बोलला नाही.
खालून देवस्थळींनी झाडूच्या दांड्याने
छत ठोकलं. तो त्या ठोक्यांवरच वाजवू लागला.

चादर काढली. उलटा केला. मोजला.
सगळं जागच्या जागी,
फक्त ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर चुकलेलं.
चारशेक वेढे जास्त.
भोसरीत असता तर लाल खडू.

विमलताई आधी घाबरल्या. पैसे परत देते म्हणाल्या.
सातशे बारावर होते, तेवढ्यात पोरीचा फोन आला,
नर्सिंगला नंबर लागला तिचा.
उठले, बसले, साखर वाटून आले,
मग पुढे कुठून धरलं, आठवत नाही.

म्हटलं, परत नको. असाच अजून एक हवा.
नेमके किती जास्त झाले तेवढं सांगा.
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
मी नव्या शिकाऊ पोराकडे बघतो तसं.
'मोजून झाली असती,
तर चूक कशी झाली असती?'

तरी दोघांनी करून पाहिलं.
तीनशे नव्वद जास्त. चारशे दहा.
एकदा तर मुद्दाम मध्येच उठून, पाणी पिऊन,
पुन्हा बसून.
चांगले झाले सगळे.
ओळखीची सही देणारे.

मग एका संध्याकाळी तो तिसराच
रिक्षात मांडीवर घेऊन धनकवडीला नेला.
ताईंनी गिटार कधी ऐकलेली नव्हती.
ऑस्विन दुकानातल्या पिंपावर बसून वाजवत होता,
शटरखाली पोरांचे पाय जमत होते.
त्या ऐकत होत्या की नाही, कळेना.
त्यांनी एक तळवा ट्रान्सफॉर्मरवर ठेवला,
कपाळावर ठेवतात तसा,
दुसरा हात, कुणी न सांगता, पदराखाली.
सगळं वाजून झालं तेव्हा म्हणाल्या,
'फार तापत नाही.
चांगलंय.'