हातगुण

पाटी रंगवणाऱ्या खोपड्यांनी विचारलं,
"नावाआधी डॉक्टर लावायचं ना?"
म्हटलं, नको. नावाखाली एवढंच लिहा:
कायरोप्रॅक्टर.
'क्ट'पाशी त्यांनी दोनदा रॉकेलचा बोळा फिरवला,
मग शिडीवरूनच म्हणाले,
"म्हणजे हाडवैद्यच की."

बिबवेवाडीत, खाली सायकलचं दुकान, वर मी.

महापालिकेचा माणूस आला.
त्याच्या कागदावर ॲलोपॅथी होती,
आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी,
आणि तळाशी 'इतर'.
इतरवर खूण करून उठताना
त्याचा हात कमरेवर गेला.
मी काही बोलले नाही.
पुढच्या मंगळवारी आला, कागदाशिवाय.

लोक आवाजासाठी येतात.
कट्.
मी सांगते, हाड जागेवर बसल्याचा नाही हो तो,
सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, इतकंच.
ऐकतंय कोण.
हिंजवडीचा मुलगा मोबाइल लावून ठेवतो उशाशी,
मार्केट यार्डातले हमाल जगताप
डोळे मिटून म्हणतात, अजून एक.

सोजराबाई अवघडे आली दिवे लागल्यावर,
कचऱ्याची ढकलगाडी जिन्याशी लावून.
"आडनावच अवघडे, पाठ अवघडणारच,"
हसली, आणि हसताना बरगडी धरली.

पालथी पडून वाट बघत राहिली आवाजाची.
माझी बोटं एकेक मणका उतरत गेली.
नववा. दहावा.
तिथे उंचवटा,
रातोरात कुणी गल्लीत घातलेल्या
गतिरोधकासारखा.
मुठीने हलकेच ठोकलं,
ती टेबलावरून उसळली.

कधी दुखतं? रात्री.
ताप? संध्याकाळी कणकण असते, ती काय मोजायची.
ब्लाउजला दोनदा टाके घातलेत.
घरात खोकला कुणाला?
"सासऱ्याला होता. गेले ते."

मी हात काढून घेतले.
टॉवेलला पुसले, उगाचच.

चिठ्ठी लिहिली ससूनला.
"म्हणजे दिवस बुडणार माझा," ती म्हणाली.
"नुसतं चाचपलंत. हमालाचं वाजवता, माझं का नाही?
पैशाकडं बघून?"
पैसे घेतलेच नव्हते. ते सांगून उपयोग नव्हता.
"हातगुण न्हाई तुमच्या हाताला."
जिना उतरली बोटं मोडत.
खाली सायकलवाल्याने पंप थांबवून ऐकलं.

रात्री मी अप्परच्या आशाताईंना फोन केला.
नसीमाताईंनी विचारलं,
"तुम्ही त्या हाडं मोडणाऱ्या ना?"
हो.
"आणि हिची मोडली नाहीत?"
नाही.
बराच वेळ पलीकडे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पाढे म्हणणं.
"चाळीचा नंबर सांगा."

पुढचं माझ्या हातचं नव्हतंच.
ससूनची रांग, फोटो, सुई,
गोळ्यांची पाकिटं, महिन्यामागून महिने.
नसीमाताई चाळीतल्या अकरा घरांत थुंकीच्या डब्या वाटत फिरल्या.
सोजराबाईची सून सापडली.
पलीकडच्या खोलीतला आयटीआयचा पोरगा सापडला,
ज्याची पाठ मुळीच दुखत नव्हती.
यातलं काहीच
माझ्या टेबलावर वाजलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर ती आली,
पट्टा बांधलेली, जिन्यावर दोनदा थांबून.
"सुरुवातीला लघवी नारिंगी व्हायची, बाई. घाबरले ना.
नसीमा म्हणली, होऊ दे."
भिंतीला पाठ टेकून बसली,
सावकाश, एखादं भांडं ठेवावं तशी.
"आता तरी वाजवा एकदा."
म्हटलं, नाही.
"न्हाईच का?"
तुमचं कधीच नाही.

मग तिने हात पुढे केले,
सांडशीसारखे खरखरीत,
माझ्या गालांवरून फिरवले,
आणि आपल्या कानशिलांवर टेकवून
कडाकडा बोटं मोडली.

दहाच्या दहा वाजली.
बुडबुड्याचं मी तिला सांगितलं नाही.