मंडपवाल्याची वही

रंकाळ्याच्या कडेनं वर्ष मोजायचं तर
मला कॅलेंडर लागत नाही,
खड्डे लागतात.
वीतभर रुंद, हातभर खोल, पहारीनं उकरलेले.
आषाढात माती मऊ, दोन घावांत काम.
चैत्रात तीच दगड होऊन बसते,
पहार टणकन परत येते खांद्यात.

बाकी सगळं वहीत आहे.

आषाढ. नव्या पाण्याची जत्रा.
गल्लीतल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन
त्र्यंबोलीच्या टेकडीकडं निघाल्या,
पुढं पी-ढबाक, पी-ढबाक,
पिपाणीवाल्याचे गाल फुगून लाल.
बारा वासे, एक ताडपत्री, दोर चार वेढे.
येणे: सातशे.
मिळाले: आंबील, दोन वाट्या.

भाद्रपद. तालमीचा गणपती.
तळ्यात बुडवायचं बंद झालं
आणि काठावर लोखंडी काहील आली.
त्या पहिल्या वर्षी इंगवल्यांचा पोरगा
घरची मूर्ती छातीशी धरून उभाच राहिला,
एक पाय काहिलीच्या पायरीवर,
तोंड तळ्याकडं.
मागं रांग. मी हातात दिव्यांची माळ धरून.
कुणी ओरडलं नाही, आणि कोल्हापुरात
कुणी ओरडत नाही म्हणजे काय ते समजून घ्या.
मग त्याचा आजा धोतर खोचून खाली उतरला,
ओंजळभर रंकाळा घेऊन आला,
निम्मा वाटेत सांडला,
उरलेला काहिलीत ओतला.
"हे झालं तळं. सोड आता."

आश्विनाचं पान भिजून चिकटलंय. सोडवायला गेलं की फाटतंय.

दिवाळीचा पाडवा. गवळ्यांच्या म्हशी.
शिंगांना बेगड, कपाळाला मोरपीस,
भादरलेल्या पाठीवर कुणी नाव काढलेलं, कुणी वाघ.
पुढं मालक मोटरसायकलवर, सायलेन्सर काढून,
त्या आवाजाला ओळखून मागं म्हैस पळते,
लेकरू पळावं तशी.
दस्तगीर जनरेटरजवळनं बोंबलतोय,
"अरे भोंगा बंद करा, बुजतीय ती!"
तोवर बुजलीच.
माझ्या कमानीत घुसली,
तीस फूट गुलाबी झालर शिंगांवर घेऊन
थेट पाण्यात.
लोकांना वाटलं, सजावटच तशी आहे.
शिट्ट्या, फेटे वर.
पहिला नंबर तिलाच.
नुकसान: झालर. भरपाई: खरवस.

आणि मग हे. दर कार्तिकाला, बावीस वर्षं, एकच ओळ:
यल्लव्वा, शेंगावाली. बल्ब एक, होल्डर, वायर पंधरा फूट. रोख.

रोख.
अख्ख्या वहीत हा शब्द तिच्याच नावापुढं.
मंडळं, तालमी, नगरसेवक, कुणाचं नाव काढू नका.
ती मात्र पदराची गाठ दातांनी सोडून
आधी पैसे मोजायची, मगच बल्ब पेटवू द्यायची.
पौर्णिमेला काठभर पणत्या, मोठे दिवे बंद,
तेवढा तिचा एक चालू.
पोरं म्हणायची, "मावशी, विझवा की, फोटो खराब होतोय."
ती म्हणायची, "शेंगा काय चंद्रावर निवडू?"

परवाच्या कार्तिकात ती आली नाही.
दस्तगीरनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही,
त्यानं वायर सोडली, मी बल्ब लावला,
तिथंच, कठड्याच्या तुटक्या कोपऱ्याला.
खाली नुसता दगड.
तरी माणसं येऊन थांबायची.
एक बारकी पोरगी विचारून गेली,
"काका, इथं काय मिळतंय?"
मी म्हटलं, थांब जरा.
ती खरंच थांबली.
तिची आई येऊन घेऊन गेली तिला.

वहीत ती ओळ लिहिली.
रोखच्या जागी पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

आता चैत्र. जोतिबाला निघणाऱ्या सासनकाठ्यांसाठी
पाणपोईचा मांडव घालायचाय.
कोपऱ्याजवळ पहार मारली,
टणकन परत आली.
परत मारली.
तिसऱ्या घावाला ढेकूळ उकललं,
आणि मातीबरोबर वर आली
शेंगांची टरफलं,
काळी पडलेली, मूठभर.