खुब्याचा गोळा

सिंद्रे लंगडत आला तेव्हा
वाटलं, बुटात बर्फ गेला असेल.
गुडघा दुखतो म्हणाला.
दुखत होता खुबा.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला:
मांडीच्या हाडाचा गोल माथा
टपली मारलेल्या अंड्यासारखा.
तिथली रक्ताची वाट आटली.
का?
नक्की कुणालाच ठाऊक नाही, उन्नी.
तुझ्या हातून काही चुकलेलं नाही.

मी वार्देच्या कारखान्यात
दिवसभर कॉडचे काटे काढते.
हाड पुन्हा भरतं, हे मला नवीन.

भरेपर्यंत मऊ असतं.
तोवर खोबणीतच ठेवायचं, तोच त्याचा साचा.
दोन वर्षं, कदाचित तीन.
उड्या नाहीत. रात्री पट्टा. गुरुवारी पोहणं.
नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात
तो पाय फाकवून बसतो,
टाच पोचते तिथे मी खडूनं रेघ मारते.

आज कालच्यापेक्षा
काडेपेटीभर पुढे.
लादी पुसायची राहिलीय.