जमेची बाजू

पहाटे तीनला नातेला बेकरी उघडते.
बॅलरॅटमध्ये त्या वेळी
गवतसुद्धा हिमानं ताठ झालेलं असतं.

तिचा अर्ज मी दुपारी भरतो,
तिच्या झोपेतले दोन तास उसने घेऊन.

वय : तीस गुण.
इंग्रजी : दहा. अर्ध्या बँडनं वीस हुकले.
कुताइसीतली सहा वर्षं : शून्य.
मालक वारला, दुकानाला कुलूप;
अनुभवाचं पत्र कोण देणार, कुठल्या शिक्क्यानं?

तिनं बाही वर सारली.
मनगटापासून कोपरापर्यंत
भट्टीच्या कडेचे चटके, एकाखाली एक,
काही पार बुजलेले.
मी म्हटलं, हे अपलोड होत नाही.

हसली.
मग स्क्रीनवर बोट ठेवून,
नखात कणीक तशीच :
"आणि हे दहा कसले?"

जोडीदार नसल्याचे, म्हणालो.
आणि उगाच प्रिंटरचा कागद नीट करत बसलो.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
"झुराब गेला, ते
कुणीतरी जमेस धरलंय तर."

गुरुवारी आली, पाव घेऊन.
होडीसारखा लांब, टोकं करपलेली.
मोडून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"आज तेहेतीस लागलं.
माझ्या आईनं या वयात
स्वतःची भट्टी बांधायला काढली होती.
विटा मीच उचलून द्यायचे."

पाव अजून गरम होता.
एका हातानं खात
दुसऱ्यानं मी पान रिफ्रेश केलं.

वय : पंचवीस.