सेकंदाला अडीचशे

पोलिकार्पे सगळ्याच बाबतीत उशिराचा.
लग्न पंचेचाळिसाव्या वर्षी,
मेजावर त्याचा प्याला वर उठायचा
बाकीच्यांचे रिकामे झाल्यावर.
आणि आमची फाइल म्हणत होती,
चाळीस मिनिटांच्या गाण्यात
हा साडेदहा सेकंद आधीच संपला.

ओझुर्गेतीच्या बंद चहा-कारखान्यात
शेगडीभोवती बसवलं होतं तिघांना.
वरचा सूर त्रिस्तानचा, मधला ग्वांजीचा,
खाली, जमिनीला लागून, पोलिकार्पेचा खर्ज.
छातीवर चिकट चकत्या, पोटावर पट्टा,
कोटाच्या आतल्या खिशात काडेपेटीएवढा बोर्ड,
पाठीवर छापलेलं : सेकंदाला अडीचशे नमुने.
नेस्तानला बघायचं होतं,
तीन माणसं एक गाणं गातात
तेव्हा श्वास किती घेतात,
तीन की एक.

तिबिलिसीला येऊन मोजले.
दोन फाइलींत सहा लाख, दहा-वीस इकडेतिकडे.
तिसरीत दोन हजार सहाशे चाळीस कमी.

आधी ब्लूटूथला शिव्या दिल्या,
वाटेत सांडले असणार.
पण प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो.
रात्रभर तपासले, शून्य ते दोनशे पंचावन्न,
परत शून्य.
एकही दात पडलेला नाही.
बॅटरी बदलली. लॅपटॉप बदलला.
तीन दिवस बोर्ड माझ्या टेबलावर, जानेवारीच्या खिडकीपाशी,
अडीचशे, अडीचशे,
दवाखान्यात नेलं की पोराचा ताप उतरतो तसा.

चौथ्या दिवशी तो चालू ठेवूनच
खिशात टाकला आणि पाव आणायला गेलो.
परत आलो तर दोनशे एकोणपन्नास,
आणि अजून घसरतोय.

नेस्तानने केस वाळवायचं यंत्र आणलं.
गरम हवा : मंद.
खिडकीबाहेर धरला : ताळ्यावर.
भिंगाखाली दिसलं मग,
स्फटिकाच्या डाव्या पायाशी
राखेसारखं निस्तेज कथील.
डाग बसलाच नव्हता.
स्फटिक मुका, आणि चिप बिचारी
मनातल्या मनात अंदाजाने मोजत होती.
माणसाच्या छातीची ऊब लागली
की तिचा सेकंद लांबायचा.

तापलेली कांडी टेकवली. धूर. चकचकीत डाग.
एवढंच काम होतं.

पण गाणं?
ग्वांजी तोवर पोलंडला गेलेला, ट्रक चालवायला.
मी म्हटलं, फाइल ताणू.
किती, हे कळत होतं. कुठे, हे नाही :
कोट हळूहळू तापला असणार,
शेगडीत दोनदा लाकडं घातली,
मध्येच त्याने गुंड्या सोडल्या होत्या.
उबेची नोंद कुणी ठेवली नव्हती.

एक वाट होती.
कडव्यांच्या मधल्या फटीत तिघे श्वास घेतात,
त्याचा श्वास त्या दोघांच्या श्वासावर बसवत जायचं.
बसवला. अर्ध्या तासात
चेन लागावी तसा लागला, वरपासून खालपर्यंत.
मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

नेस्तान पडद्याकडे बघत राहिली.
म्हणाली, हे तुला सापडलं की तू शिवलंस?
ते एकत्र श्वास घेतात का, हाच तर प्रश्न होता.
तू उत्तरालाच टाचण्या लावल्यास.
वहीत तिने लिहिलं, शाईने : वापरू नये.

पोलिकार्पेला फोन मी केला.
सगळं ऐकून घेतलं त्याने, मग खोकला, मग म्हणाला,
म्हणजे मी पुढे पळालो नव्हतो?
नाही.
घड्याळ तुमचं मागे राहिलं.
हो.
पलीकडे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.
हेझलनट काढायला ग्वांजी ऑगस्टात येतो, म्हणाला.
तेव्हा या.
ऑगस्टात माझ्या अंगावर कोट नसतो.